पंचेचाळीस सेंटिमीटर

फहाहीलच्या दक्षिणेला, युद्ध संपल्यावर
अठ्ठेचाळीस इमारती उठवल्या त्यांनी दीड वर्षात.
एकच नकाशा,
रबरी शिक्का मारत जावा तसा वाळूवर.
पोरं शाळेतून येत नि भलत्याच दाराची घंटी वाजवत.
कुणीतरी आपला जिना ओळखावा म्हणून
खाली निळं पिंप ठेवलं.
पुढच्या आठवड्यात प्रत्येक जिन्याखाली पिंप होतं.
निळंच.

दहा वर्षांनी बद्रियाबाईंना काम मिळालं: सुधारणा.
मी त्यांचा ड्राफ्ट्समन, परकार, गाव दाभोळ,
पेन्सिली तासून तयार.
त्या म्हणाल्या, आज काही काढायचं नाही.

महिनाभर काढलं नाही.
गाडीत बसून सावल्यांच्या वेळा टिपल्या.
सतरा नंबरच्या पूर्वेला चारनंतर बायका चटई टाकतात,
साडेपाचला ती दोन हात सरकते.
पायांनी पाडलेल्या वाटा मोजल्या;
एकही फरशीवरून जात नव्हती.
"पाय चुकत नाहीत, परकार."
मी खोडरबर घेतला.

एसीच्या गळत्या नळीखाली
एक झाड आपसूक आलं होतं, कंबरेएवढं.
सिद्र, त्या म्हणाल्या.
मी म्हटलं, ही तर बोर.
काट्यांनी दोघांचंही म्हणणं खरं केलं.
ती नळी नकाशात तशीच गळती ठेवली.

मग दारापुढची बसायची जागा.
जुन्या वस्तीत असायची म्हणे, दच्चा म्हणत.
तुमच्याकडे काय म्हणतात?
ओटा.
त्यांनी तो दोनदा उच्चारून पाहिला, टणक ट लावून.
पण मंत्रालयाचा इंजिनियर मुतलक
दरपत्रकाच्या ओळीओळीवर बोट ठेवणारा:
बसण्यासाठी पैसे?
घरात खुर्च्या नाहीत का लोकांच्या?
तेव्हा मी टाइप केलं:
"पायाचे संरक्षण. काँक्रीट. उंची पंचेचाळीस सेंटिमीटर."
सही झाली.
बुडाला जे कळतं ते शिक्क्याला कळत नाही.

तिसऱ्या मजल्यावर अबू मिशारी.
मिशारीला फेब्रुवारीत बसमध्ये घालून नेलं,
ती बस अजून परत यायची होती.
म्हातारा गॅलरीत बसून. समोर कठडा, छातीएवढा,
नुसतं सिमेंट.
रस्ता बघायचा तर उठायला हवं,
आणि गुडघे आता त्याच्या बाजूचे नव्हते.
बद्रियाबाई काही बोलल्या नाहीत.
त्याच्या खुर्चीत बसल्या,
मला म्हणाल्या, टेप लाव, जमिनीपासून डोळ्यापर्यंत.
कठड्यात नऊ इंचांची आडवी फट.
कारणाच्या रकान्यात: वायुवीजन.
वारा आला की नाही, ठाऊक नाही.
रस्ता आला.

एकदा त्यांनी मलाच विचारलं,
तू संध्याकाळी कुठे बसतोस?
पलंगावर, म्हटलं.
एका खोलीत सातजण, खालचा पलंग माझा,
वरच्याचे पाय माझ्या कपाळासमोर.
त्यांनी वहीत लिहून घेतलं.
पुढे काही झालं नाही.
आमची इमारत त्यांच्या कंत्राटात नव्हती,
कुणाच्याच नव्हती.

शेवटचं बिल पास झालं त्या गुरुवारी
साइटवर उरलेले सिमेंटचे ठोकळे
पिकअपमध्ये घालून नेले,
आमच्या जिन्याखाली एकावर एक रचले.
टेप लावला: चाळीस.
वर खजुराच्या खोक्यांचे पुठ्ठे घडी करून ठेवले,
दाबून, पुन्हा टेप लावून.

राजमुंद्रीचा सत्तीबाबू ड्यूटीवरून आला,
डबा हातात, बूट तसेच.
हे काय, परकारभाई?
पायाचं संरक्षण, मी म्हटलं.
तो बसला.